ऑलीची एटीकेटी

दीपक गायखेने स्केटबोर्डवर पहिल्यांदा पाय ठेवला तो खुर्चीत बसून. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा पाय ठेवला, तोही खुर्चीत बसूनच. तिसऱ्या दिवशी खुर्ची सोडायची असं त्याने ठरवलं होतं, पण त्या दिवशी नेमकी अमावास्या निघाली. दीपक फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला होता, त्यामुळे तो अमावास्या मानत नसे. गुरुत्वाकर्षण मात्र मानत असे. एकाच दिवशी दोघांशी वाकडं घ्यायला नको, म्हणून त्याने खुर्ची आणखी एक दिवस वापरली.

हे प्रकरण सुरू केलं ते त्याच्या वडिलांनी. खंडेराव गायखे नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात नोकरीला होते आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, जुलैअखेर निवृत्त होणार होते. निवृत्तीबरोबर क्वार्टरही जाणार. दीपक एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर प्रॅक्टिकलं घ्यायचा, म्हणजे दर एप्रिलला त्याची नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा सुरू होईल की नाही हे कोणी सांगत नसे. अशात एका सरकारी प्रयोगशाळेत सहाय्यकाच्या तीन जागा निघणार असल्याची पक्की बातमी आली. त्यातली एक खेळाडूंसाठी राखीव होती. उरलेल्या दोन जागांसाठी अख्ख्या विभागातून किती अर्ज येतील याचा खंडेरावांनी मनाशी अंदाज केला आणि त्या दोन जागांचा विचार सोडून दिला.

"लहानपणी तू काय खेळायचास रे?" त्यांनी विचारलं. वडील म्हणून ही माहिती आपल्याला असायला हवी होती, असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"बुद्धिबळ."

"मग त्यात सर्टिफिकेट का नाही?"

"मला त्या घड्याळाची भीती वाटायची."

हे खरं होतं. दीपकला घड्याळाची, कुत्र्यांची, गॅसचा रेग्युलेटर बसवण्याची आणि पाळण्यात बसण्याची भीती वाटे. त्याचं वैशिष्ट्य इतकंच, की प्रत्येक भीतीमागचं शास्त्रीय कारण तो व्यवस्थित समजावून सांगू शकायचा.

शेवटी मार्ग काढला तो वरच्या मजल्यावरच्या गोटीराम काकांनी. काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते आणि सगळ्या जगाकडे कुठेतरी पोचवायचं पार्सल म्हणून बघत. ते म्हणाले, "खंडेराव, कबड्डीत पोरं हाडं मोडून घेतात तरी सर्टिफिकेट मिळत नाही. कारण काय, तर कबड्डी सगळेच खेळतात. आपण असा खेळ शोधायचा, जो कोणी खेळतच नाही." आणि त्यांनी सायखेड्याच्या नाथा सोनवणे सरांचा पत्ता दिला. सोनवणे सर तिथल्या एका शाळेत पीटीचे शिक्षक होते आणि 'जिल्हा चाकफळी संघटना' या संस्थेचे संस्थापक, सचिव आणि त्या दिवशी भेटायला गेल्यावर कळलं त्याप्रमाणे, एकमेव हजर सभासद होते.

चाकफळी म्हणजे स्केटबोर्ड. सरांचा कागदोपत्री मराठीचा आग्रह होता.

"खेळ लय सोपा हाय," लेझीम आणि डंबेल्सच्या कपाटातला एक कप्पा मोकळा करत सर म्हणाले. हा कप्पा म्हणजे संघटनेचं कार्यालय. "म्हंजे मी खेळलो नाय. पण वाचलाय पूर्ण." त्यांनी स्वतः भाषांतर केलेली नियमावली पुढे ठेवली. उमेदवाराने चालत्या फळीवर तीन कसरती करून दाखवायच्या आणि प्रत्येक कसरत आधीच्या कसरतीवर बेतलेली पाहिजे. पहिली ऑली: फळीसकट उडी मारायची. दुसरी किकफ्लिप: उडी मारल्यावर फळी हवेत लांबीच्या आसाभोवती पूर्ण फिरवायची आणि पुन्हा तिच्यावरच उतरायचं. तिसरी व्हेरिअल: किकफ्लिपच करायची, पण त्याच वेळी फळीचं पुढचं टोक मागे आणि मागचं पुढे आलं पाहिजे. परीक्षा जूनच्या पहिल्या रविवारी होती.

मग सरांनी कपाटाच्या तळातून संघटनेचा स्केटबोर्ड काढला. खालच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने 'जि.चा.सं. १' असं लिहिलं होतं. डेडस्टॉक रजिस्टरवर दीपकची सही घेतली आणि दर पंधरा दिवसांनी येऊन मुदत वाढवून घ्यावी लागेल, असं बजावलं.

"दुसरा बोर्ड आहे का सर? म्हणजे हा मोडला तर?"

"दुसरा कशाला? एका टायमाला एकच जण पडतो."

दीपकला या वाक्यातला एकच शब्द ऐकू आला.

परत येताना त्याने बोर्ड मांडीवर घेतला होता. कंडक्टरने चाकं पाहिली, क्षणभर विचार केला आणि वाहनाच्या आत वाहन न्यायला बंदी असल्याचं जाहीर केलं. दीपकने हे वाहन नसून क्रीडासाहित्य असल्याचं सांगितलं. तेव्हा मागच्या सीटवरच्या एका गृहस्थाने, "मग याच्यावर बसूनच जा की नाशिक रोडला," असा सल्ला दिला आणि पुढचा पाऊण तास दीपकने खिडकीबाहेर बघत काढला.

अभ्यासाला मात्र तो पद्धतशीर लागला. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन त्याने बारा सेकंदांची एक चित्रफीत चाळीस मिनिटं उघडत ठेवली, आकृत्यांच्या प्रिंट काढल्या आणि वहीत गणित मांडलं. फळीला एक पूर्ण फेरी घ्यायला साधारण पॉइंट तीन सेकंद लागतात. माणूस तेवढा वेळ हवेत राहायचा तर त्याने निदान अकरा सेंटिमीटर उंच उडलं पाहिजे. अकरा सेंटिमीटर म्हणजे काय, तर कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षाही कमी. कागदावर पाहिलं तर यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच दीपकला पुढचे काही दिवस कागद सोडून उठावंसं वाटलं नाही.

त्याने भिंतीवर एक तक्ता लावला. सर्वांत वर ऑली. तिच्यापासून निघालेल्या दोन रेषा: एक किकफ्लिपकडे आणि दुसरी शव्हिटकडे. शव्हिट म्हणजे फळी न उलटता नुसतीच आडवी अर्धी फिरवायची. मग किकफ्लिप आणि शव्हिट यांना जोडणारी रेघ आणि तिच्याखाली व्हेरिअल. हा तक्ता इतका स्पष्ट होता, की खालच्या मजल्यावरच्या सुलाबाई वाटीभर साखर मागायला आल्या तेव्हा त्यांना तो एका नजरेत कळला.

"प्रतिभाताई," त्या दीपकच्या आईला स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणाल्या, "स्थळं बघताय ते चांगलंच आहे. पण या ऑलीबाईच्या घरात नका पडू. सख्ख्या भावंडांचं लावून दिलंय त्यांनी."

दीपकने बाहेरून खुलासा केला, पण सुलाबाईंचं मत बदललं नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अशा घरातलं ते शेवटचं जे कोण होतं, ते कधीच सरळ वागणार नव्हतं. व्हेरिअलच्या बाबतीत हे भाकीत पुढे अचूक ठरलं.

आता ऑली. ऑलीत मागच्या पायाने फळीच्या शेपटावर ठोका मारायचा, पुढचं टोक वर आलं की पुढचा पाय घासत त्या टोकाकडे न्यायचा आणि या दोन्हींच्या दरम्यान केव्हातरी आपण उडी मारायची. हे 'केव्हातरी' दीपकला सापडेना. गॅलरीत उभा राहून तो ठोका मारायचा, पुढची चाकं वर यायची आणि मागचा पाय शेपटाला जो चिकटून बसायचा तो तसाच. मागच्या चाकांची उंची तो रोज पट्टीने मोजून वहीत लिहायचा. एकोणीस दिवसांची नोंद शून्य, शून्य, शून्य अशी होती. विसाव्या दिवशी दोन मिलिमीटर भरले, पण नंतर लक्षात आलं की चाकाखाली हरभऱ्याची डाळ आली होती.

बुद्धीने तो केव्हाच उडालेला होता, पण मागचा पाय बुद्धीचं ऐकत नव्हता. त्या पायाचं स्वतंत्र मत होतं, की पुढच्या पायाला जिथे जायचंय तिथे जाऊ दे, घरात कोणीतरी एकाने जमिनीवर राहिलं पाहिजे.

आणि इथे दीपकच्या हातून ती चूक झाली. आपल्याकडच्या विद्यापीठांत शिकलेल्या माणसाखेरीज कोणाच्या हातून ती झाली नसती. पदवीच्या दुसऱ्या वर्षी दीपकचे इलेक्ट्रॉनिक्सचे दोन पेपर राहिले होते. पण दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं. एटीकेटी मिळते. पहिला मजला न बांधता दुसऱ्या मजल्यावर राहायला जायची ही सोय आपल्या शिक्षणाने लाखो लोकांना करून दिली आहे आणि ते सगळे आज सुखाने राहत आहेत. दीपकनेही तिसऱ्या वर्षी ते पेपर सोडवले होते, आणि कोणी त्याला दारात अडवलं नव्हतं.

त्याने वहीत शांतपणे लिहिलं: 'ऑली, एटीकेटी. चालती फळी, एटीकेटी. किकफ्लिप सुरू.'

चालती फळी हा दुसरा राहिलेला विषय. बोर्डखाली चाकं असतात आणि चाकं फिरतात, ही गोष्ट दीपकला सुरुवातीपासूनच अनावश्यक वाटली होती. त्याने आईच्या कपाटातलं जुनं जाजम चार पदरी घालून गॅलरीत अंथरलं. जाजमावर चाकं फिरत नसत. शिवाय गॅलरीच्या खिडकीला गज होते. दोन्ही हातांनी गज घट्ट धरून, न फिरणाऱ्या चाकांवर, अंगाचा अर्धा भार हातांवर देऊन त्याने किकफ्लिप सुरू केली. अशा रीतीने ऑली न येताही किकफ्लिप येते, हा शोध त्याला अकरा दिवसांत लागला. पुढचा पाय फळीच्या कडेवरून झटकायचा, फळी खाली गरकन फिरते, 'जि.चा.सं. १' दिसून नाहीसं होतं, आणि आपण गजाला लोंबकळून सावकाश खाली उतरायचं.

मग एकेक बोट सोडत त्याने पंचवीस दिवसांत गज सोडले. जाजम मात्र सोडलं नाही.

सुलाबाई पुन्हा वर आल्या, त्या मे महिन्यात. त्यांच्या हातात पातेलं होतं.

"दीपक, तुझा नोकरीचा अभ्यास चाललाय म्हणे."

"हो, काकू."

"चांगलं आहे. आमच्या वेळी अभ्यासाचा एवढा आवाज नसायचा." त्यांनी पातेलं पुढे केलं. "हा कुरडयांचा चीक. यात तुमच्या गॅलरीखालचा गिलावा पडलाय. मी काही म्हणत नाही. फक्त तुला दाखवायला आणलं, की किती जोर लागतोय ते तुला कळावं."

सुलाबाई काही म्हणाल्या नाहीत, पण वसाहतीच्या कमिटीला कोणीतरी म्हणालं. कमिटीची नोटीस आली: गॅलरीत वाहन चालवू नये. दीपकने लेखी उत्तर दिलं, की सदर वस्तू चालत नाही, ती न चालावी म्हणूनच खाली जाजम घातलेलं आहे. आठ दिवसांनी दुसरी नोटीस आली: न चालणारी वाहने गॅलरीत साठवण्यासाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी. अर्जाचा नमुना संपलेला होता. खंडेरावांनी छापखान्यात आयुष्य घालवलेलं असूनही तो त्यांना छापून आणता आला नाही, कारण तो सायक्लोस्टाइल काढायचा असे.

गोटीराम काका रोज सकाळी फिरून आले की गॅलरीखाली उभे राहायचे. त्यांचा सल्ला एकच होता. "खाली बघू नको." सायकल शिकणाऱ्याला, विहिरीत पोहणाऱ्याला आणि मुलगी बघायला जाणाऱ्याला त्यांनी हाच सल्ला आजवर दिलेला होता.

मेच्या शेवटी दीपकची स्थिती वहीप्रमाणे अशी होती: शव्हिट, दहात सहा. किकफ्लिप, दहात चार. व्हेरिअल आयुष्यात एकदा, अठ्ठावीस तारखेला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, साक्षीदार आई, पण पाठमोरी. ऑली, शून्य. हा शेवटचा आकडा तो घाईघाईत लिहायचा आणि पान उलटायचा. खंडेराव मात्र खुशीत होते. त्यांनी अर्ज भरून तयार ठेवला होता. प्रमाणपत्राचा क्रमांक लिहायची तेवढी जागा रिकामी होती, आणि ते अधूनमधून अर्ज काढून त्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचे.

रविवारी तिघे सायखेड्याला गेले: दीपक, खंडेराव आणि सल्ला देण्यासाठी गोटीराम काका. दीपकने बगलेत जाजमाची गुंडाळी घेतली होती.

"हे काय?" सोनवणे सरांनी विचारलं. त्यांनी परीक्षेसाठी पांढरे बूट घातले होते आणि गळ्यात शिट्टी होती.

"यावर करायचं आहे, सर."

सरांनी नियमावली उघडली. "चालत्या फळीवर, आसं लिव्हलंय. जाजमाचा उल्लेख नाय." त्यांनी समोर हात केला. शाळेच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंत आणि फाटकातून पुढे थेट गोदावरीच्या काठाकडे नवा सिमेंटचा रस्ता गेला होता. "आमदार निधीतून झालाय. तुमच्यासाठीच झाडून घेतलाय."

दीपकने रस्त्याकडे पाहिलं. पहिले दहा मीटर सपाट आणि मग उतार, जेमतेम तीन अंश. उताराचं गणित त्याला येत होतं, त्यामुळे तळाशी किती वेग होईल हे इतरांआधी त्याला कळलं आणि त्याने जाजमाची गुंडाळी आणखी घट्ट धरली.

"चला. ऑली," सर म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

दीपक बोर्डवर उभा राहिला. जाजमाशिवाय बोर्ड त्याच्या पायाखाली जित्राबासारखा हलत होता. खंडेराव अर्जाची फाइल छातीशी धरून उभे होते. एटीकेटीची वसुली अशी रविवारी सकाळी वडिलांच्या समक्ष होईल, असं त्याला वाटलं नव्हतं. आणि घाबरलेल्या माणसाची बुद्धी चालते तशी त्याची बुद्धी चालली.

"सर," तो म्हणाला, "किकफ्लिप ही ऑलीवर बेतलेली आहे. म्हणजे किकफ्लिपमध्ये ऑली असतेच. मग जो किकफ्लिप करतो त्याला ऑली येते, हे आपोआप सिद्ध होतं. वेगळी परीक्षा घ्यायची गरज नाही."

सर विचारात पडले. नियमावलीची दोन पानं मागे गेले, एक पुढे आले. "बराबर हाय," ते म्हणाले. "मंग डायरेक किकफ्लिपच करा. चालत्या फळीवर."

आपला युक्तिवाद मान्य झाल्याचं दुःख दीपकला त्याआधी कधी झालेलं नव्हतं.

त्याने एका पायाने जमीन ढकलली. बोर्ड निघाला. सपाट भाग संपायच्या आत करायचं होतं, कारण पुढे उतार होता. ती भीती मागून आणि ऑलीची भीती पुढून, अशा कचाट्यात सापडून त्याने शेपटावर ठोका मारला आणि पाय झटकला. फळी फिरली. त्याने खाली पाहिलं. पांढरी अक्षरं आली, गेली, वरची काळी बाजू आली, आणि दीपक खाली आला. दोन्ही पाय फळीवर होते. चाकं फिरत होती. किकफ्लिप झाली होती, चालत्या फळीवर, जाजमाशिवाय.

साधारण दीड सेकंद त्याला अतिशय आनंद झाला. मग त्याच्या लक्षात आलं की थांबायचं कसं ते आपल्याला येत नाही. जाजमावर तो प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता.

तीन अंश कागदावर काही नसतात. दीपक फाटकातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या कानांत वारा वाजायला लागला होता. मागून सोनवणे सर शिट्टी वाजवत धावत होते. शिट्टीने बोर्ड थांबतो, अशी त्यांची समजूत असावी. त्यांच्याही मागून गोटीराम काकांचा आवाज आला, "खाली बघू नको." दीपकने समोर पाहिलं. रस्त्यावर आडवा एक काळा तीन इंची पाइप पडलेला होता. नदीवरच्या मोटरीपासून टोमॅटोच्या वावरात गेलेला, पाण्याने टम्म फुगलेला. पाइपाच्या पलीकडे माल भरायच्या रिकाम्या प्लास्टिक कॅरेटची थप्पी होती, आणि थप्पीशेजारी एक म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

तीन इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर. हा हिशोब दीपकने नंतर, घरी आल्यावर केला. त्या वेळी त्याच्या डोक्यात आकडाच काय, अक्षरही नव्हतं. इतके दिवस मागचा पाय जमिनीला धरून बसला होता कारण जमीन त्याला सुरक्षित वाटत होती. आता जमिनीवर पाइप होता. त्या पायाने आयुष्यात पहिल्यांदा मत बदललं. ठोका बसला, पुढचा पाय घासत वर गेला, आणि मागची चाकं, चार महिने शून्यावर अडकलेली, रस्ता सोडून वर आली. पाइप खालून गेला. दीपकला तो जाताना दिसला. काहीतरी फार सोपं घडलं होतं, आणि इतकं सोपं असेल असं कोणत्याही प्रिंटमध्ये लिहिलेलं नव्हतं.

मग कॅरेट आले.

"पायपाला लागलं नाय ना?" थप्पीतून वाट काढत त्या बाई म्हणाल्या. त्यांचं नाव कुसाबाई. दीपकने डाव्या मनगटाकडे पाहत, नाही म्हटलं. कुसाबाईंनी पाइप हाताने चाचपून खात्री करून घेतली. "काल एका फटफटीवाल्याने चेपावला. त्याला म्हटलं, उडी मारून जाय की. लय बोलला मला." त्या पाइपाकडून दीपककडे वळल्या. "तू बरा. सांगावं लागलं नाय."

सोनवणे सर धापा टाकत पोचले. "ऑली झाली," ते म्हणाले. "पान चार, आकृती दोन. हुबेहूब. मी डोळ्यांनी बघितली."

राहिली व्हेरिअल. नियमाप्रमाणे तीन संधी होत्या. मनगट सुजून पेरूएवढं झालं होतं, तरी वरच्या सपाट भागावर दीपकने तीन वेळा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला फळी फिरली आणि तो तिच्या शेजारी उतरला. दुसऱ्या खेपेला एक पाय फळीवर आणि एक सिमेंटवर. तिसऱ्या खेपेला दोन्ही पाय बरोबर फळीवर आले, पण फळी उलटी होती आणि चाकं आकाशाकडे.

सरांनी मांडीवर फाइल ठेवून छापील प्रमाणपत्र काढलं. त्यावर तीन ओळी आणि प्रत्येकीसमोर 'यशस्वीरीत्या पूर्ण केली' असं आधीच छापलेलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर, तिसरी झाली नाही."

"झाल्यासारखीच हाय. उलटी तर उलटी, उतरलास तर तिच्यावरच ना?"

खंडेराव म्हणाले, "सर म्हणतात तर झाली असेल." आणि अर्जातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून उभे राहिले.

दीपकने त्या बोटाकडे पाहिलं. नोकरी तिथे होती, बोटाच्या टोकाशी. आणि त्याला एकदम पुढची चौतीस वर्षं दिसली. रोज सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडायचं, आणि रोज त्या दारातून कोणीतरी साहेब यायची शक्यता. साहेबाच्या हातात स्केटबोर्ड. साहेब म्हणतोय, या गायखे, जरा करून दाखवा. बदली झाली तरी नवा साहेब. बढती झाली तर आणखी मोठा साहेब. त्याची भीती निवृत्तीपर्यंत कायम झाली होती. दीपक फार प्रामाणिक होता अशातला भाग नाही. त्याला एवढ्या लांबीची भीती परवडण्यासारखी नव्हती.

"सर, तिसरीपुढे 'झाली नाही' असं लिहा."

"दीपक," खंडेराव म्हणाले.

"लिहा, सर."

"आरं, पण तसा रकाना नाय," सर म्हणाले. ते खरोखर अडचणीत आले होते. "आजवर कोणी नापास झालाच नाय. अकरा जण बसले, अकरा पास."

"त्या अकरा जणांनी ऑली केली?"

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "फळी तर तूच पैल्यांदा नेलीस," ते म्हणाले.

मग गोटीराम काकांच्या डायरीची कडा पट्टी म्हणून वापरून सरांनी प्रमाणपत्रावर एक नवा रकाना आखला. 'झाली नाही.' त्याखाली सही, शिक्का, तारीख. परतीच्या बसमध्ये खंडेराव दोन सीट पुढे जाऊन बसले. अर्ज खुल्या जागांसाठी गेला आणि त्याचं उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये गायखे मंडळी क्वार्टर सोडून जेलरोडला दोन खोल्यांत राहायला गेली. तासिका मात्र पुन्हा मिळाल्या, पुढच्या एप्रिलपर्यंत.

दिवाळीच्या आधी सोनवणे सरांचं पत्र आलं. संघटनेच्या मान्यतेच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव दोनदा परत आला होता. संघटना खरोखर परीक्षा घेते याचा पुरावा काय, असा शेरा मारून. या खेपेला सरांनी दीपकच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली, आणि हाताने आखलेला तो रकाना पाहून वरच्या कार्यालयाची खात्री पटली. मान्यता मिळाली. मात्र आधीच्या अकराही खेळाडूंची फेरतपासणी करावी, असं त्यांनी कळवलं होतं, आणि जिल्ह्यात नापास होण्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाकडेच नसल्याने तपासणीसाठी परीक्षक म्हणून श्री. दीपक खंडेराव गायखे यांची नेमणूक करण्यात येत होती.

खंडेरावांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने. मग ते घडी घालून अर्जाच्या फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "तो पाइप. तेव्हा विचारायचं राहिलं. भीती नाही वाटली तुला?"

"वाटली की," दीपक म्हणाला.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, दाराची कडी वाजली. बाहेर सहा फुटी, भरदार मिशांचा एक गृहस्थ उभा होता. एका सरकारी कचेरीत क्रीडा कोट्यातून लागून त्याला सहा वर्षं झाली होती. सोबत त्याची बायको होती आणि बोलत होती तीच. "सर, पत्र आल्यापासून ह्यांना जेवण जात नाही. नुसतं एवढंच सांगा, ते ऑली म्हणजे नेमकं काय असतं?"

दीपकने परीक्षक म्हणून सही करून आणलेला बोर्ड कॉटखालून काढला आणि फरशीवर ठेवला. जाजमाशिवाय. बोर्ड वीतभर पुढे सरकला आणि थांबला. तो सहा फुटी माणूस दोन पावलं मागे गेला, भिंतीला टेकला आणि कपाळ पुसत म्हणाला, "सर, खोटं कशाला बोलू, मला भीती वाटते."

"वाटू द्या," दीपक म्हणाला. "फक्त एका पायाने भिऊ नका. दोन्ही पायांनी भ्या."